आप्पांची टाळी आणि आमचा इलेक्ट्रॉन

पुण्यातून बेळगावला जाणारी माणसं एक तर लग्नाला जातात, नाहीतर गोव्याच्या वाटेवर कुंद्याची मिठाई घ्यायला थांबतात. मी गेले ती एका आजोबांना इलेक्ट्रॉन समजावून सांगायला. परत आल्यावर मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी सुट्टी घेतलीस? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, त्यांच्यासाठी आणि त्या बाजूला कधी न गेलेल्या इतरांसाठी.

त्याचं असं झालं. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात त्रिशला नावाची मुलगी काम शिकायला आली होती. घर निपाणीचं, एम.एस्सी. बेळगावातून. आमचा एक लहरी लेसर आहे, तो माझं ऐकत नाही, पण तिचं ऐकायचा. पीएच.डी.ला तिने माझ्याकडे यावं असं मला वाटत होतं, तिलाही वाटत होतं, निवडसुद्धा झाली होती. गाडी अडली होती तिच्या आजोबांपाशी. आप्पा म्हणजे व्रतं काटेकोर पाळणारे जैन. घरात शेवटचा शब्द त्यांचा. नात अणूवर काम करणार म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बॉम्बच उभा राहिला. जीव घेण्याच्या कामात आपल्या घरातलं पोर जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. आईवडिलांनी समजूत घातली, उपयोग झाला नाही. शेवटी आप्पा एवढंच म्हणाले, की तिच्या मॅडमनी येऊन सांगावं, मग बघू. श्रावण संपायच्या आत ती हजर झाली नसती तर जागा दुसऱ्याला गेली असती.

माझाही त्यात स्वार्थ होता, तो लपवण्यात अर्थ नाही. रडारसाठी फार क्षीण लहरी पकडणारं उपकरण बनवण्याचा एक मोठा प्रकल्प आमच्याकडे येऊ घातला होता. तो आला की नवे लेसर येणार होते, आणि मग चांगले हात लागणारच होते. माझा होकार तेवढा द्यायचा राहिला होता.

बेळगाव

बेळगावची हवा पुण्याच्या हवेची थोरली बहीण वाटते, जास्त गार आणि जास्त समजूतदार. स्टेशनवरून घेतलेल्या रिक्षाचा चालक फोनवर बायकोशी मराठीत बोलत होता, चौकातल्या पोलिसाशी कन्नडमध्ये, आणि माझ्याशी हिंदीत. मी मराठीत उत्तर दिल्यावर त्याने वळून पाहिलं.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? उगंच हिंदीला तरास दिला."

आमच्याकडे पुण्यात सगळी भांडणं एकाच भाषेत उरकतात. इथे माणूस बघून भाषा काढतात, आणि ती काढताना कुणाला जड जात नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

त्रिशलाच्या कॉलेजात माझं भाषण ठेवलं होतं. चित्रं, आलेख, सगळी तयारी घेऊन गेले होते. तिसऱ्या चित्रालाच वीज गेली. बाहेर झिमझिम, आत अंधुक उजेड आणि समोर शंभरेक तरुण चेहरे. प्राचार्य वरमले. मी म्हटलं, हरकत नाही, तोंडी सांगते.

तेव्हा सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन. एरवी हा इलेक्ट्रॉन पक्का घरकोंबडा, केंद्रकाला सोडून लांब जात नाही. आम्ही लेसरच्या प्रकाशाने त्याला उचलून फार लांबच्या फेरीत नेऊन ठेवतो. अणू नेहमीच्या हजारो पट मोठा होतो. इलेक्ट्रॉन आता सुटेल की मग सुटेल अशा बेताला येतो, पण सुटत नाही. एवढी लांबची फेरी म्हटल्यावर तो फिरतो रमतगमत. आपल्या हिशोबाने अजूनही भयंकर वेगात, पण इतका सावकाश, की त्याच्या फेरीचा ताल आणि मायक्रोवेव्ह लहरीचा ताल जुळू शकतो. हो, घरात पापड भाजतो तीच ती मायक्रोवेव्ह. ताल जुळला की इलेक्ट्रॉन लहरीच्या पावलाला पाऊल लावून फिरत राहतो. मग आम्ही लहरीचा ताल अगदी हळूहळू संथ करत नेतो. इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर आणखी लांबच्या फेरीत जातो. ताल हळूहळू जलद केला की तो जवळ येतो. घाई केली, की ताल तुटतो आणि स्वारी आपल्या मर्जीने कुठेही जाते. आमचं सगळं काम म्हणजे ही घाई न करणं.

वीज आली तेव्हा भाषण संपलं होतं. बाहेर पडताना त्रिशला म्हणाली, "मॅडम, आप्पांना पण असंच सांगा. चित्रं नकोत. लाइट गेल्यासारखंच सांगा."

कणकुंबी

निपाणीला नागपंचमीच्या दिवशी जायचं ठरलं होतं. मधला एक दिवस मोकळा होता, तर त्रिशला मला जांबोटीच्या रस्त्याने कणकुंबीला घेऊन गेली. लाल बस, खिडकीला ओघळणारं पाणी आणि दोन्ही बाजूंना असं जंगल, की कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबवून मधूनच बाहेर बघत होता. या गावच्या परिसरात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. इथल्याच डोंगरांतलं दुसरं पाणी म्हादईचं होऊन पश्चिमेला गोव्यात उतरतं. एकाच ढगातले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागराला आणि एक अरबी समुद्राला. मी उगमाजवळच्या देवळापाशी उभी राहून हे बोलले, तर त्रिशलाने मान डोलावली आणि म्हणाली, "व्हय. खरं आधी पायाकडं बघा."

या भागात 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. मी पायाकडे पाहिलं. घोट्यावर जळू होती, चांगली टम्म फुगलेली. मी एक आरोळी ठोकली आणि चप्पल काढून ती ठेचायला उचलली. त्रिशलाने माझा हात धरला. मग खाली बसून नखाने अलगद जळू सोडवली, एका पानावर घेतली आणि रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. परत आल्यावर माझ्या घोट्यावर रुमाल बांधला. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र माझ्या हातातली चप्पल फार जड वाटायला लागली, ती मी गुपचूप पायात घातली.

तिथल्या एका लहानशा हॉटेलात आम्ही जेवलो. चातुर्मास असल्यामुळे त्रिशला पालेभाजीही खात नव्हती, आणि कांदा, बटाटा, लसूण तर कधीच नाही. मला वाटलं, आता हिची उपासमार होणार. पण मालकाने तिला नुसतं विचारलं, "जैन काय?" आणि गरम भाकरी, दोडक्याची भाजी आणि दही आणून ठेवलं. पुण्यात एवढ्याशा गोष्टीवर वेटरने आधी कपाळाला हात लावला असता.

जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, आप्पा शेवटी एकच विचारणार. ह्यातनं कुणाचा जीव जातो का म्हणून. तुम्ही नुसतं नाही म्हणा. एवढंच बस्स."

"आणि तो रडारचा प्रकल्प?"

"ते कशाला सांगायचं? आपल्या खोलीत तर कोण मरत नाही न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. तरी मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत राहिले.

निपाणी

निपाणीत उतरताच आधी वास भेटतो. तंबाखूच्या वखारींचा तो वास पावसात दमट होऊन गल्लीगल्लीत बसलेला असतो. त्रिशलाच्या घराच्या शेजारीच एक मोठी जुनी वखार होती, आता तिथे कापडाचं दुकान आहे आणि तिचे वडील ते चालवतात.

"जय जिनेंद्र," आप्पा दारातच म्हणाले. उंच, सडपातळ, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. "या बाई, या. पोरीनं लई लांब पळवलं तुम्हास्नी. बसा की."

घर सणाने भरलेलं होतं. त्रिशलाची आत्या चिकोडीकडच्या सासरहून पंचमीला माहेरी आली होती. शेंगदाण्याचे, तिळाचे, लाह्यांचे लाडू परातीत रचलेले होते, आणि आत्या सासरच्या कन्नडमध्ये त्यांना उंडी म्हणत मला एकामागून एक वाढत होत्या. नको म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. आमच्याकडे पंचमी म्हणजे कॅलेंडरवरचं एक चित्र. इथे माहेरवाशिणींचा झोका असतो. परसातल्या चिंचेच्या आडव्या फांदीला जाड दोर बांधून खाली फळी लावली होती, आणि शेजारच्या बायकाही येऊन झोके घेऊन जात होत्या. उभ्याने, पदर खोचून, फांदीला पाय लागेल एवढे.

आप्पा परसाकडच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "हां, सांगा आता."

मी लाइट गेल्यासारखं सांगायला सुरुवात केली. आप्पा लक्ष देऊन ऐकत होते, पण लांबच्या फेरीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला. "ताल संथ केल्यावर त्यो लांब कसा जाईल? जोर लावला तर लांब जाईल. संथ केल्यावर तर थांबंल."

मी गडबडले. विद्यार्थ्यांना या मुद्द्यापाशी मी फळ्यावर गणित दाखवते. इथे फळा नव्हता. झोक्यावर त्रिशला उभी होती आणि आत्या तिला ढकलत होत्या, त्यांच्याकडे बघताना एकदम सुचलं.

"आप्पा, तुम्ही टाळी वाजवा. भजनात वाजवता तशी, एकसारखी. आत्याबाई, तुम्ही झोक्याकडे बघायचं नाही. टाळी पडली की ढकलायचं."

आप्पांची टाळी पक्की होती. सुरुवातीला झोका आणि टाळी छान जुळले. झोका वर गेला, आणखी वर गेला, आणि मग बिनसायला लागलं. उंच गेलेल्या झोक्याला परत यायला जरा जास्त वेळ लागतो. त्रिशला अजून मागे येतच होती आणि आप्पांची टाळी पडून गेली. आत्यांनी इमानेइतबारे ढकललं आणि झोक्याची फळीच त्यांच्या हातांवर आदळली.

"अगं बाई! पाडतासा की मला!" आत्या खाली बसून हसायला लागल्या. शेजारणीही हसल्या. झोका मंदावला.

"आता परत," मी म्हटलं. "पण या वेळी झोका चढेल तशी टाळी लांबवत न्या. थोडी थोडी. कळेल न कळेल इतकी."

आप्पांनी डोळे मिटले. टाळी सुरू झाली. झोका चढू लागला आणि टाळी त्याच्याबरोबर कणाकणाने सैल होत गेली. आत्या प्रत्येक टाळीला ढकलत होत्या आणि प्रत्येक वेळी फळी बरोबर हाताशी येत होती. त्रिशला चिंचेच्या पानांत जाऊन परत येत होती. आप्पांनी डोळे उघडले, वर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की ते म्हातारे आहेत हे मी विसरले.

"म्हंजे टाळी तुमची ती लहर."

"हो."

"आन् पोरगी इलेक्ट्रॉन."

"अगदी बरोबर."

"आणि मी कोण?" आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही नसता तर काहीच झालं नसतं, आणि त्या खूश झाल्या.

आप्पा पुन्हा गंभीर झाले. "लई गोड हाय हे. कळलं मला. आता एक सांगा बाई. ह्यातनं कुणाचा जीव जाईल काय?"

झोका अजून हलत होता. त्रिशला दोर धरून माझ्याकडे बघत होती. एक शब्द म्हटला की काम झालं असतं. पण ज्या माणसाने आत्ताच डोळे मिटून माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याच्या तोंडावर अर्धं सांगायला माझी जीभ वळेना. मला भीतीही वाटली, ते इथे कबूल करते.

"आमच्या खोलीत कुणाचा जीव जात नाही," मी म्हटलं. "पण असा मोठा झालेला अणू फार हळवा असतो. अगदी क्षीण लहर आली तरी त्याला कळते. त्यातून उद्या हवामानाचं उपकरण होईल, आकाश बघायचं होईल. आणि लढाईसाठी रडारही होईल. तसं एक काम माझ्याकडे येऊही घातलंय. पुढे कोण काय करील याची हमी मी देऊ शकत नाही, आप्पा."

त्रिशला फळीवरून उतरली आणि आत निघून गेली. आप्पांनी आभाळाकडे पाहिलं. "दिवस मावळायला आला. जेवून घ्या आधी," एवढंच ते म्हणाले. त्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. आम्ही उजेडातच जेवलो. डाळ उत्तम होती, पण मला तिची चव सांगता येणार नाही. त्रिशलाने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बस्तीत

सकाळी आप्पांनी निरोप दिला, की आंघोळ करून दोघींनी बस्तीत यावं. बस्ती म्हणजे तिथलं जैन मंदिर. वाटेत ते त्या कापडाच्या दुकानापाशी थांबले.

"ही वखार माझी हुती. तंबाखूची. उमेदीची सगळी वरसं हितं गेली." ते भिंतीला हात लावून उभे राहिले. "माझ्या वखारीत बी कुणाचा जीव जात न्हवता, बाई."

माझेच शब्द परत आले होते. संपलं, असं मला वाटलं. त्रिशलाचे डोळे भरले होते.

"एका चातुर्मासात बस्तीत उतरलेल्या मुनी महाराजांचं ऐकलं आन् सोडली. पुढची काही वरसं लई जड गेली. खरं सोडायच्या आधी मी लई जणांना इचारलं हुतं, की ह्यात पाप हाय का. सगळी म्हणायची, न्हाय ओ आप्पा, तुम्ही कुठं कुणाला मारतासा? सगळ्यांनी मला बरं वाटंल असंच सांगितलं. काल मी इचारलं आन् तुम्ही तसं केला न्हाईसा." ते त्रिशलाकडे वळले. "अशा माणसाजवळ पोर ठेवायला मला भ्या वाटत न्हाय. खरं नेम घ्यायला लागंल."

नेम म्हणजे व्रतच, पण बेताचं. एखादी गोष्ट करायची नाही असं देवापुढे ठरवायचं, आणि तेही झेपेल तेवढ्याच मुदतीसाठी. कुणी चार महिने गोड सोडतं, कुणी वर्षभर चप्पल. मुदत आधी बोलायची आणि मग ती मोडायची नाही. आमच्या घरी नवस असायचे, देवाकडून काही घेण्यासाठी. इथे देवाला काहीच मागत नव्हते.

मूर्तीपुढे आप्पांनी त्रिशलाच्या ओंजळीत तांदूळ दिले. "जीव घ्यायच्या कामाला हे ज्ञान आपल्या हातानं द्यायचं न्हाय. पुढं दुसऱ्यानं काय केलं, त्यो त्याचा हात. आपला हात तेवढा आपला."

त्रिशलाने मान हलवली आणि तांदूळ वाहिले. मग आप्पांनी मूठभर तांदूळ माझ्यापुढे धरले.

"मला?"

"गुरूनं घेतला न्हाय तर शिष्याचा कसा टिकायचा? सक्ती न्हाय. न्हाय म्हटलासा तरी पोरगी येईल. मी शब्द फिरवत न्हाय."

मी देवपूजा करणारी बाई नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते नवे लेसर आले, आमच्या जुन्याची रोजची कुरकुर आठवली. घोट्यावरची जळूची खूण अजून गेली नव्हती.

"किती मुदतीचा?" मी विचारलं.

"पोरगी तुमच्याजवळ शिकत हाय तंवर. जास्त न्हाय."

मी ओंजळ पुढे केली.

पुणे

त्रिशला श्रावण संपायच्या आत हजर झाली. येताना लाडवांचा मोठा डबा घेऊन आली, आत्यांनी पाठवलेला. रडारच्या प्रकल्पाला मी नाही कळवलं. प्रकल्प देणाऱ्या गृहस्थांनी फोनवर कारण विचारलं. मी म्हटलं, माझा नेम आहे. त्यांनी तो शब्द एकदा स्वतःशी उच्चारून पाहिला, मग म्हणाले, "तब्येतीला जपा." नवे लेसर आले नाहीत. सहकारी आठवडाभर माझ्याशी तुटक वागले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

जुन्याच लेसरवर आम्ही थंडीभर झटलो. ताल लवकर तुटत होता. मी दर वेळी घाई करत होते आणि त्रिशला दर वेळी मला थांबवत होती. मग एके दिवशी दुपारी तिने लहरीचा ताल इतका हळू सैल केला, की मला पडद्याकडे बघवेना. इलेक्ट्रॉन लांब गेला, आणखी लांब गेला, आणि ताल तुटला नाही. मग तिने ताल परत आवळत आणला, तसा तो पावलाला पाऊल लावून जवळ आला. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या ओरडलो. तिने पहिला फोन निपाणीला लावला.

"आप्पा, ऱ्हायला! लांब नेला आन् परत आणला!"

"टाळी हळूहळू सैल केलीस न्हवं?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मग ऱ्हाणारच की."

तिचं काम आता चांगलं चाललं आहे. असंच चाललं तर पाचएक वर्षांत ती शिकून जाईल आणि माझा नेम संपेल. ते गृहस्थ तेव्हा पुन्हा फोन करतील, तसं ते बोललेही आहेत.

म्हणून येत्या पंचमीला मी परत निपाणीला जाणार आहे. लाडू खायचे आहेत, झोक्यावर उभं राहायचं आहे, आणि आप्पांच्या हातून मुदत वाढवून घ्यायची आहे.